साडेअकराच्या शोचा रिपोर्ट

तिकीट फाडलं की अर्धं पब्लिकच्या हातात जातं आणि अर्धं माझ्या डब्यात पडतं. किस्स्यांचं पण तसंच आहे बघा. अर्धा किस्सा पब्लिक घरी घेऊन जातं, अर्धा दारावर माझ्यापाशी राहतो. घाटकोपरच्या एका थेटरच्या दारावर चौतीस वर्षं उभा आहे मी. डबा रोज रिकामा होतो, डोकं कोण रिकामं करणार? म्हणून आज तुमच्यासमोर ओततो.

नाव बाबल. मूळ मालवणचा, शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तर कंटाळले म्हणून सुटली. सही येते. आकडे वाचता येतात, कारण सीट नंबर बघावा लागतो. बाकीची अक्षरं मला ओळखत नाहीत आणि मी त्यांना. हे पण मी बोलतोय आणि नात फोनवर उतरवतेय. मधे मधे हसतेय, ते नको लिहू गं.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. शुक्रवारी पहिला शो सुटला की मॅनेजर दारावर येतो आणि डोअरकीपरला एकच प्रश्न विचारतो, "पब्लिक काय म्हणतंय?" डोअरकीपर जे बोलतो तो रिपोर्ट. त्याच्यावर पिक्चर दुसऱ्या आठवड्याला राहतो, नायतर खाली उतरतो. आता आमच्या दळवी साहेबाच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आला, सगळं त्यात दिसतं. पण सवय जात नाय. अजून येतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि विचारतो, "बाबल, पब्लिक काय म्हणतंय?"

मधे एक मराठी पिक्चर लागला होता. नाव नाय सांगत, प्रोड्युसर अजून जिवंत आहे. ऑनलाइन प्रेमाचा. मुलगा फोनवर सांगतो मी पायलट, आणि असतो लग्नात ड्रोन उडवणारा. मुलगी सांगते मी डॉक्टर, आणि असते जनावरांच्या दवाखान्यात म्हशी धरायला. दोघं सहा महिने एकमेकांना थापा मारतात आणि मग भेटायची वेळ येते. झकास कॉमेडी. पण मराठी ना, म्हणून शो दिला सकाळी साडेअकराचा. त्या वेळेला माणूस एक तर कामावर असतो, नायतर त्याला काम नसतं.

त्या एका शोवरून आमच्याकडे जे काय झालं ते हे.

\*\*\*

पहिल्याच दिवशी एक जोडपं आलं. काका पंच्याहत्तरच्या घरात, काकी थोड्या लहान. अर्ध्या तासात काका बाहेर. मला बोलले, "काय फालतूपणा आहे हो? तोंड न बघता प्रेम?"

मी विचारलं, तुम्ही काकींना लग्नाआधी कितीदा बघितलं होतं?

बोलले, "बघायचं काय? मामाने ठरवलं, मांडवात बघितली."

मी नुसतं बघत राहिलो. त्यांना माझं बघणं आवडलं नाय. दार उघडून आत डोकं घातलं आणि अंधारात हाक मारली, "चल गं, निघू या."

आतून काकींचा आवाज आला, सगळ्या हॉलने ऐकला. "तुम्ही व्हा पुढे. भात लावा. डाळ भिजवलेली आहे."

काका पाच मिनिटं दारात उभे राहिले. मग मलाच विचारलं, "भाताला पाणी किती घालतात हो?"

\*\*\*

आता कुंदाचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

कुंदा आमची कॅन्टीनवाली. बावीस वर्षं तिथे बटाटवडे तळते. वय चौपन्न. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. पण जीभ अशी की तेलापेक्षा गरम. पिक्चर कसा आहे हे साहेबाच्या कॉम्प्युटरच्या आधी तिला कळतं. पिक्चर पडेल असला की लोक मधेच उठून वडे खायला येतात. पिक्चर चांगला असला की इंटरव्हलपर्यंत कढईकडे चिटपाखरू फिरकत नाय. म्हणजे तिचा धंदा बसला की समजायचं पिक्चर उठला.

आणि अजून एक. बावीस वर्षांत तिने एका पण पिक्चरचा शेवट बघितलेला नाय. सुरुवातीला पब्लिक आत गेलं की दाराच्या फटीतून दहा मिनिटं बघते, मग पीठ कालवायला जाते. इंटरव्हलनंतर परत दहा मिनिटं, मग भांडी. शेवट झाला की पब्लिक चहाला येणार, म्हणून ती आधीच काउंटरवर. कुठला पिक्चर विचारा, सुरुवात तोंडपाठ. शेवट विचारला तर बोलते, "झाला असेल काहीतरी बरा."

या पिक्चरला मात्र ती फटीतून हललीच नाय. पीठ तसंच राहिलं. मी मागून जाऊन तिच्या कानाशी टाळी वाजवली. तिने वळून झारा उगारला, पण डोळे ओले होते.

मग संध्याकाळी कांदा चिरता चिरता तिने सांगितलं. फोनवर सुक्या मासळीचा एक ग्रुप आहे, बाया-बाप्ये रेसिपी टाकतात. तिथे मढच्या एका कोळ्याने बोंबील सुकवायची पद्धत सांगितली. हिने खाली लिहिलं की हे चूक आहे. त्याने लिहिलं, माझ्या चार पिढ्या बोंबील सुकवतायत. हिने लिहिलं, मग चार पिढ्या चुकतायत. तेव्हापासून आठ महिने दोघं रोज बोलतात. त्याचं नाव बाळकृष्ण. बायको नाय, सहा वर्षांमागे गेली. फोटोच्या जागी त्याने स्वतःची बोट लावलीय. हिने कढई. दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाय.

"येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी येतो बोललाय," कुंदा बोलली. पाण्याला ओढ कमी असली की जाळ्यात मासळी येत नाय, तेव्हाच त्याची बोट किनाऱ्याला, आणि तो दिवस तोच. मढहून बोटीने वर्सोवा, तिथून मेट्रोने थेट घाटकोपर. तिने त्याला सांगून ठेवलं होतं की याच पिक्चरला ये. बाहेर हॉटेलात भेटायला गेली तर सगळी वस्ती बघणार. थेटरचा अंधार तेवढा तिचा स्वतःचा.

मी बोललो, अगं पण पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी पिक्चर येतोय. चारी शो त्याला. हा दुसरा रविवार बघणारच नाय.

तिने कांदा खाली ठेवला. "बाबलदादा, ह्या खेपेला नाय तर नाय. परत माझी हिंमत होयत असा माका वाटत नाय."

आता सांगा. मी चौतीस वर्षं खोटे रिपोर्ट मजेसाठी दिले. एक कामासाठी दिला तर काय बिघडलं?

\*\*\*

शनिवारी फोनवाला पोरगा आला. हातात माईक, समोर कॅमेरा, "पब्लिक रिव्ह्यू" घ्यायला. शो सुटल्यावर माणसं पकडायची आणि विचारायचं, किती स्टार देणार. त्याचे व्हिडिओ आमचे साहेब पण बघतात, हे मला माहीत.

पहिला माणूस बोलला, वेळ वाया गेला. दुसरी पोरगी बोलली, हिरोचे केस चांगले आहेत. तिसरा बोलला, मी एसीसाठी आलो होतो.

मी बघितलं, असं चाललं तर वाट लागली. पार्किंगवाल्याची टोपी घेतली आणि जाऊन उभा राहिलो. बोललो, "मी नालासोपाऱ्याहून आलोय, पिक्चर बघून मला माझी तरुणपणातली चूक कळली." पोरगा खूश. मी मागच्या दाराने आत, दळवी साहेबाचा जुना चष्मा लावला, परत बाहेर. "मी रिटायर जज आहे. मुलीची बाजू मला पटली." परत आत. मफलर गुंडाळला, लंगडत बाहेर. "मी चौथ्यांदा बघतोय. डॉक्टर नको बोलतात, तरी येतो."

व्हिडिओ जोरात चालला. नातीने वाचून दाखवलं, खाली लोकांनी लाल बदाम टाकले होते, रडके चेहरे टाकले होते. जजसाहेबांचं तर भारी कौतुक.

मग एकाने खाली लिहिलं, "तिन्ही काकांच्या हातात एकच टॉर्च कशी?"

\*\*\*

प्रोड्युसरने एक वही पाठवली होती. जाड पुठ्ठ्याची, दोरीला पेन बांधलेलं. दारापाशी टेबलावर ठेवायची आणि पब्लिकला अभिप्राय लिहायला लावायचं. सोमवारी साहेब ती वाचणार आणि मग ठरवणार.

रविवारी संध्याकाळी मी वही उघडली. आता मला तर वाचता येत नाय. पण डोकं आहे ना? मी विचार केला, माणूस खूश असला की किती बोलतो? "मस्त." संपलं. आणि चिडला की? मग त्याची गाडी थांबत नाय. आमच्या चाळीतलं भांडण बघा, कोणी दोन शब्दांत भांडतं का? म्हणजे जे छोटं लिहिलंय ते चांगलं, जे लांबलचक लिहिलंय त्या शिव्या.

एका पानावर तर वरपासून खालपर्यंत बारीक अक्षरात भरलेलं होतं. मी बोललो, हा कोणीतरी घराणं काढून गेलाय. पान फाडलं, कॅन्टीनमधल्या रद्दीत कोंबलं. छोटी छोटी तेवढी ठेवली. लई समाधान वाटलं.

सोमवारी साहेबाने वही उघडली आणि मोठ्याने वाचायला लागले. "भिकार." पान उलटलं. "टुकार." पान उलटलं. "झोप चांगली लागली." पान उलटलं. "हिरोला परत ड्रोन उडवायला पाठवा."

माझ्याकडे बघून बोलले, "बाबल, तू तर बोललास पब्लिक रडत बाहेर येतंय."

मी बोललो, "मग, हे बघून रडणारच."

साहेब वही घेऊन केबिनमध्ये गेले आणि माझं तोंड करपलेल्या वड्यासारखं झालं. कुंदाला सांगायला गेलो. ती वडे तळत राहिली. चार वाजले होते. चार वाजता साहेबाला दोन वडे आणि चहा जातो, हा बावीस वर्षांचा नियम. तिने रद्दीतला वरचा कागद ओढला, त्यात वडे बांधले आणि पाठवून दिले.

दहा मिनिटांनी साहेब स्वतः बाहेर आले. वडे तसेच हातात. कागद उलगडलेला. तेलाने अर्धा पारदर्शक झालेला.

"हे कुठलं आहे?"

साहेबाने मोठ्याने वाचलं. लिहिणारी होती ती आपली भात लावायला सांगणारी काकी. शाळेत बाई होती म्हणे. लिहिलं होतं की मी पन्नास वर्षं संसार केला, पण नवऱ्याला मी काय विचार करते हे कधी कळलं नाही, कारण आम्ही समोरासमोर होतो. या दोन मुलांना तोंड दिसत नव्हतं म्हणून मन दिसलं. हा पिक्चर आमच्यासारख्यांना आणखी थोडे दिवस बघू द्या. मी ह्यांना घेऊन परत येणार आहे, ह्यांना यायचं नसलं तरी.

अख्ख्या वहीतला एकच चांगला अभिप्राय होता आणि तोच मी फाडला होता.

साहेबाने कागदाची घडी घातली, तेलासकट खिशात ठेवली. कुंदाला बोलले, "कुंदाबाई, अजून एक वडा द्या." बाकी हो नाय, ना नाय.

\*\*\*

साहेब अर्धा वळला होता. उरलेला अर्धा मी वळवला.

आमच्या स्टोअरमध्ये "हाऊसफुल्ल"चा पत्र्याचा बोर्ड आहे. कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावला नव्हता. बुधवारी सकाळी मी तो पुसला आणि फुटपाथवर नेऊन ठेवला. आत माणसं होती बेचाळीस.

तुम्हाला मुंबईचं पब्लिक माहीत आहे. आत या बोललं की येत नाय. जागा नाय बोललं की त्याला तिथेच जायचं असतं. दहा मिनिटांत फुटपाथवर गर्दी. एक बाई माझ्याशी भांडायला लागली, "मला कोपऱ्यात उभं राहू द्या." एक गुजराती काका बोलले, मला मराठी समजत नाय पण मी बघणार. मी छाती काढून उभा. "सॉरी, फुल्ल आहे. पुढच्या आठवड्याचं ॲडव्हान्स घ्या."

आवाज ऐकून साहेब धावत बाहेर आले. बोर्ड बघितला, मला बाजूला ओढलं. "अरे, आत खुर्च्या रिकाम्या पडल्यात, नि तू माणसं परत पाठवतोस?"

मी बोललो, "साहेब, चौतीस वर्षांत पहिल्यांदा मराठी पिक्चरला माणसं परत जातायत. बघून तरी घ्या."

साहेब ओरडायला तोंड उघडून उभे राहिले. गर्दी बघितली. मग तोंड मिटलं आणि हळूच बोर्ड एक फूट पुढे सरकवला, रस्त्यावरून नीट दिसावा म्हणून.

हिंदी पिक्चरला तीन शो गेले. साडेअकराचा आमचा राहिला.

\*\*\*

शनिवारी कुंदाचा मुलगा नीलेश आला. कुरियरच्या ऑफिसात बसतो, तिशीचा आहे, पोरगा चांगला, फक्त कपाळाला आठ्या जन्मापासून. मला बाजूला घेतलं. आईचा फोन बघितला होता त्याने.

"बाबलकाका, तुम्हाला माहीत होतं?"

मी बोललो, मला काय माहीत, मला वाचता येत नाय.

त्याचं सुरूच. कोण माणूस, कुठला माणूस, फोटो बोटीचा, नाव खरं की खोटं. असलेच पिक्चर बघून लोक बिघडतात. आई या वयात. माझ्या लग्नाचं बघतायत, उद्या समोरचे लोक काय बोलतील.

मी विचारलं, तुझ्या लग्नाचं कुठे बघतायत रे?

"साइटवर."

"कसली साइट?"

"लग्नाची. फोटो, माहिती टाकतात. आवडलं तर फोनवर बोलतात, मग भेटतात."

मी तेच, मघाशी सांगितलं तसं, नुसतं बघत राहिलो. माझं हे बघणं कोणालाच आवडत नाय.

तो लाल झाला. बोलला, "माझी गोष्ट वेगळी आहे. उद्या मी येणार आणि त्या भामट्याला पकडणार. मला तिकीट द्या."

मी बोललो, का नाय, देतो की. कुंदाने एच चौदा आणि एच पंधरा या सीटा काढून ठेवल्या होत्या. चौदाच्या तिकिटाचा फोटो मढला गेला होता. मी बुकिंगवर गेलो आणि नीलेशसाठी एच तेरा काढली.

\*\*\*

रविवार आला.

माझ्या त्या बोर्डाने माझाच घात केला. खरंच हाऊसफुल्ल. मला वाटलं होतं की शंभरेक माणसं येतील, कुंदा इंटरव्हलला दहा मिनिटं काउंटर सोडेल आणि आत जाईल. आता इंटरव्हलला निम्मा हॉल वडा मागणार, ही सुटणार कशी? सकाळपासून ती मला शिव्या देत होती. "मेल्या, पिक्चर चालव बोललंय तुका. जत्रा भरव नाय बोललंय." अंगावर नवी साडी होती, वरून ॲप्रन.

बाळकृष्ण कधी आला हे मला बघावं लागलं नाय, नाकाने सांगितलं. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सुके बोंबील. रांगेतली माणसं आपोआप बाजूला होत होती. त्याने मला फोनवरचं तिकीट दाखवलं. हात असा की दोरखंड. बोलला, "शेवटपर्यंत बसायला देता ना?" मी बोललो, उठवलं तर सांगा.

एच चौदावर बसवला. तेरावर नीलेश आधीच बसलेला, नाकाला रुमाल लावून, मान वळवून वळवून भामटा शोधत. शेजारी कोण बसलंय ते सोडून सगळा हॉल बघितला त्याने.

पिक्चर सुरू झाला. मी थोड्या वेळाने टॉर्च बंद करून मागे जाऊन उभा राहिलो. नीलेश बोलत होता. हळू आवाजात, पण थांबत नव्हता. बाळकृष्ण ऐकत होता. पुढच्या रांगेतल्या एकाने वळून श् केलं, तरी नीलेशचं चालूच. मग रुमाल खिशात गेला. मग पिशवीचं तोंड उघडलं आणि एक बोंबील नीलेशच्या हातात आला. वास घेत होता पोरगा. सुक्या बोंबलाचा!

इंटरव्हलला तो माझ्याकडे आला.

"काका, संशयास्पद कोणी दिसत नाय. आलाच नसेल घाबरून. बाजूला एक कोळी काका आहेत, एकदम भारी माणूस. मी त्यांना सगळं सांगितलं."

"काय बोलले ते?"

"बोलले, तू हे सगळं मला विचारतोस, आईला विचारलंस का?"

"विचारलंस का?"

तो तसाच आत जाऊन बसला.

तिकडे कॅन्टीनवर नुसती झुंबड. पंचवीस तीस माणसं रांगेत, मागून अजून येतायत. कुंदाने कढईतला घाणा बाहेर काढला, समोरच्यांना दिला. गॅस बंद केला. ॲप्रन सोडून खुंटीला लावलं. आणि शटर खाली ओढलं. धाडकन.

साहेब पळत आले. "कुंदाबाई, अहो लाइन बघा!"

"बघितली," ती बोलली. "बावीस वर्षं बघतंय."

आणि ब्लाउजमधून तिकीट काढून माझ्यासमोर धरलं. बावीस वर्षं रोज त्या दारावरून गेली, पण तिकीट घेऊन पहिल्यांदा. मी फाडलं. अर्धं तिला दिलं, अर्धं डब्यात टाकायचं ते खिशात टाकलं. साहेब बघत होते. बघू दे.

आत अंधार झाला होता. मी टॉर्च खाली धरून पुढे, ती मागे. एच रांगेपाशी थांबलो. तेराला नीलेश, चौदाला बाळकृष्ण, पंधरा रिकामी. कुंदा दोघांच्या गुडघ्यांवरून सरकत आत गेली. टॉर्चचा उजेड तिच्या साडीवर पडला आणि नीलेश अर्धा उठला.

"आई? तू इथे काय करतेस?"

कुंदा पंधरावर बसली, पदर नीट केला.

"गप रव. पिक्चर चालू आसा."

मी टॉर्च बंद केली.

शो सुटला. बाहेर काय झालं, कोण कोणाशी काय बोललं, मला माहीत नाय. मी दुसऱ्या दाराला होतो. कॅन्टीनचं शटर अर्ध्या तासाने उघडलं, एवढं बघितलं.

संध्याकाळी साहेब वही घेऊन दारावर आले. नवीन काय लिहिलंय ते बघत होते. एका पानावर थांबले. "बाबल, हे काय आहे? नाव नाय, सही नाय."

मी बोललो, वाचा.

"'शेवट नीट बघायचा राहिला. पुढच्या रविवारी आम्ही परत येतो. तीन तिकिटं ठेवा.'" साहेब चिडले. "असा कसला अभिप्राय? आणि पुढच्या रविवारी कुठला पिक्चर? तो शुक्रवारी उतरतोय."

वाचता येत नाय मला. पण पानाच्या कोपऱ्यावर एक बोट उमटलं होतं, पिवळं, बेसनाचं. ते मी साहेबाला दाखवलं.

साहेबाने बोट बघितलं. मग चष्मा कपाळावर सरकवला आणि कॅन्टीनकडे बघितलं. मग वही मिटली आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"बाबल, पब्लिक काय म्हणतंय?"

मी बोललो, "तीन तिकिटं म्हणतंय, साहेब."